शेजपाळी

सात वाजले आणि प्रमिलाताई गद्रे आणखी एक दिवस जगल्या.

"सुटलो," त्या म्हणाल्या. "उद्या परत परीक्षा." मयूरीच्या हातातला आपला हात काढून घेऊन त्यांनी उशीखालची आलेपाकाची पुडी तिच्यापुढे धरली. हे रोजचं होतं. पाच ते सात हातात हात, सातला आलेपाकाची वडी. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता, कारण ओहोटीला रविवार नसतो.

मयूरी कारंडे सोबतीण होती. पंधरा वर्षांपूर्वी हा शब्द ऐकून कुणाला वाटलं असतं, म्हाताऱ्या माणसांना बागेत फिरवून आणणारी बाई असेल. आता पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की सोबतीण दिवसातून फक्त दोन तास येते, आणि ते दोन तास कुठले हे मनगटावरची पट्टी ठरवते.

पट्टीमागचं शास्त्र तसं अवघड नाही. आपल्या प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. यकृताचं वेगळं, मूत्रपिंडाचं वेगळं, हृदयाचं वेगळं. डोळ्यांच्या मागे मेंदूत एक मुख्य घड्याळ असतं, ते उजेड बघून चालतं आणि बाकीच्यांना वेळ देतं. तरुणपणी सगळी एका चालीनं चालतात. म्हातारपणी ती एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग चोवीस तासांत अशी एक वेळ येते की बहुतेक अवयवांचा जोर एकदम ओसरलेला असतो. चिनी वैद्यांनी फार पूर्वीच दिवसाचे बारा भाग पाडून एकेक भाग एकेका अवयवाला देऊन ठेवला होता. पहाटे तीन ते पाच फुप्फुस, सकाळी सात ते नऊ जठर, अकरा ते एक हृदय, संध्याकाळी पाच ते सात मूत्रपिंड. प्राण या बारा घरांतून रोज फेरी मारतो, तो ज्याच्या घरी असेल तो जोरात, आणि तिथून बारा तासांवर तोच सगळ्यात दुबळा. संशोधकांनी प्राणाचे रस्ते पुष्कळ शोधले, ते काही सापडले नाहीत. वेळापत्रक मात्र बऱ्यापैकी जुळलं. त्यातून ही पट्टी निघाली. ती कातडीखालच्या रक्तातून रात्रंदिवस मोजमाप घेते आणि पंधरा दिवसांनी सांगते, तुमची ओहोटी अमुक वाजता. मरण कुठल्या वर्षी येणार ते तिला कळत नाही. पण आजारानं थकलेलं माणूस जाईल तेव्हा दिवसाच्या कुठल्या दोन तासांत जाईल, हे ती दहात नऊ वेळा बरोबर सांगते.

एवढं कळल्यावर माणसं काय करणार? माणसांनी सोय केली. कचेऱ्यांनी दोन तासांची ओहोटी-रजा सुरू केली. यामकेंद्रांनी, म्हणजे पट्ट्या बांधणाऱ्या दवाखान्यांनी, नर्सा आणि गाड्या ओहोट्यांप्रमाणे वाटून टाकल्या. ज्याची वेळ, त्याच्या दाराशी गाडी. बाकीच्या बावीस तासांत म्हाताऱ्यांकडे बघायचं कारण उरलं नाही. ज्यांची मुलं परदेशात, त्यांच्यासाठी सोबतिणी आल्या. प्रमिलाताईंचा मुलगा रोज पाच वाजता पडद्यावर येऊन "आई, मी आहे हं" म्हणायचा. हात धरायला मयूरी.

सोबतिणीला नियम दोनच. फोन बाहेर डब्यात बंद करून यायचा. आणि एकदा धरलेला हात अखेरपर्यंत सोडायचा नाही, मधेच माणूस बदलायचं नाही, कारण ओळखीच्या हातात नाडी शांत राहते. मयूरीनं आजवर अकरा जणांचे हात धरले होते. त्यांतले दहा तिच्या हातातच गार झाले. ती या कामात चांगली होती, आणि घरी तिचा बाप पाच ते सात एकटा पडून असायचा.

* * *

तिच्या वडिलांना, हणमंत कारंड्यांना, सगळी तात्या म्हणत. फलटणकडे कालव्यावर त्यांनी छत्तीस वर्षं पाटकरी म्हणून काढली. कुणाच्या रानात किती वाजता पाणी जायचं ते ठरवायचं, वेळ झाली की पाण्याचं दार उघडायचं, वेळ संपली की पाडायचं. हृदय दोनदा दमल्यावर मयूरीनं त्यांना पुण्याला आपल्या दोन खोल्यांत आणलं. तिचं नवऱ्याशी जमलं नव्हतं, तो विषय केव्हाच मिटला होता. घरात बाप आणि लेक, एवढीच माणसं.

ऑगस्टमध्ये ती त्यांना यामकेंद्रात घेऊन गेली. डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी पट्टी बांधली आणि एक छापील चक्र त्यांच्या हातात दिलं. बारा घरं, बारा अवयव, प्रत्येकाचे दोन तास. तात्यांनी ते नाकाशी धरून बराच वेळ वाचलं.

"म्हंजे शेजपाळीच की," ते म्हणाले.

"म्हणजे काय, काका?"

"चारीवर, कालव्याच्या फाट्यावर, शेजारी शेजारी रानं असत्यात. एकाची वेळ सरली की पाणी त्याच्या शेजाऱ्याला. पत्रक असतंय, कुणाला किती वाजता. आमी तेच केलं जलमभर." मग त्यांनी एका घरावर बोट ठेवलं. "ह्यो त्रिदाह कोण?"

डॉक्टर हसल्या. "त्याचा शरीरात कुठे पत्ता नाही. चिनी वैद्यांनी लिहून ठेवलाय खरा."

"असतोय असा येक. सातबाऱ्यावर नाव, रानात माणूस न्हाई."

डॉक्टरांना हा पेशंट आवडला. त्यांनी खुर्ची ओढून नीट समजावून सांगितलं. पट्टी रक्तावरून वाचते, म्हणजे मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंड. तात्यांनी विचारलं, ही पाळी सरकती का? सरकते, डॉक्टर म्हणाल्या. जेवणखाण अलीकडे घेतलं की यकृत आणि मूत्रपिंड चार दिवसांत मागोमाग येतात. मेंदूतलं घड्याळ उजेडावर, ते सावकाश. सगळ्यात हट्टी हृदय. बाकीचे सरकले तरी ते पुढे दोन-दोन आठवडे जुन्या वेळेवर अडून बसतं. शिवाय अशक्त माणसानं असले उद्योग करू नयेत, त्याचा ताण येतो.

"म्हंजे हृदय टेलला, चारीच्या पार शेवटाला," तात्या म्हणाले. "हेडला दार फिरीवलं की तिथं घटकंत कळतंय. टेलला पाणी चार दिसांनी."

मयूरीनं हे ऐकलं. पण पंधरा दिवसांनी पडद्यावर तात्यांची ओहोटी उमटली तेव्हा तिला दुसरं काही सुचेना. संध्याकाळी पाच ते सात. तिनं तो आकडा तीनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेच्या व्यवस्थापकाकडे गेली. वेळ बदलून द्या म्हणाली. ते भले गृहस्थ होते, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "नियम तुम्हाला ठाऊक आहे. गद्रेबाईंचं एकदा होऊन जाऊ दे, मग लगेच तुम्हाला दुपारची वेळ देतो."

त्या दिवशी पाच वाजता प्रमिलाताईंचा हात हातात घेताना मयूरीला लाज वाटली. आपल्याला बापाजवळ बसायचं असेल तर ही बाई मेली पाहिजे, हा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला होता. प्रमिलाताई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. माणसाच्या चेहऱ्यावरचं त्यांना पानावरच्या किडीइतकं स्वच्छ दिसायचं.

"घरी कुणी आजारी आहे का गं?"

"नाही," मयूरी म्हणाली.

* * *

सप्टेंबरात तात्यांचं काहीतरी बिनसलं. मयूरी साडेतीनला निघताना रात्रीची भाकरी-भाजी झाकून ठेवायची, आठला आली की दोघं जेवायची. आता ती यायची तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं आणि तात्या गाढ झोपलेले. सकाळी उठावं तर दूध संपलेलं, मोरीतला मोठा दिवा जळत राहिलेला. एकदा सकाळी सातला त्यांनी भाकरी मागितली.

"तात्या, आत्ता कुठे सात वाजलेत. भाकरी दुपारची."

"दे गं. भूक लागलीया."

मयूरीनं असले म्हातारे पुष्कळ पाहिले होते. दिवसरात्र उलटीपालटी होणं म्हणजे कशाची सुरुवात, हे तिला माहीत होतं. भीतीचं रागात रूपांतर व्हायला तिला कधीच वेळ लागत नसे. तिनं जेवण शेजारच्या लोखंडेवहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवायला सुरुवात केली. मोरीतला दिवा काढून टाकला. लोखंडेवहिनींना सांगितलं, यांना सात वाजेपर्यंत झोपू देऊ नका, काहीतरी बोलत बसा. आणि आठला घरी येऊन ती तात्यांसमोर मांडी घालून बसायची, भाकरी कुस्करून द्यायची, शेवटचा घास गिळेपर्यंत हलायची नाही.

"झोपू नका. खा. अजून एक घास."

डोळे मिटत आलेले असायचे, पण तात्या मुकाट्यानं खायचे. वाद नाही, तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, "लई दिसांनी समोर बसलीस."

"बसावं लागतं ना. काय करणार?"

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर केंद्राचा संदेश आला. कारंडे हणमंत, ओहोटीची वेळ बदलली आहे. नवी वेळ अडीच ते साडेचार.

ती खाटेजवळ गेली. तात्या छताकडे बघत पडले होते.

"तात्या, ही वेळ कशी सरकली?"

ते चोरी पकडलेल्या पोरासारखे हसले. "दारं फिरीवली थोडी. चार दिसाला अर्धा तास. एकदम फिरीवली की चारी फुटती."

मग सगळं बाहेर आलं. पाच ते सातची ओहोटी त्यांना एक ते तीनवर आणायची होती. त्या वेळी मयूरी घरी असायची. त्यासाठी जेवण अलीकडे, झोप अलीकडे, मध्यरात्रीनंतर उठून मोरीतल्या मोठ्या दिव्याखाली तासभर बसायचं, म्हणजे डोळ्यांना वाटावं उजाडलं. बापाला वेड लागलं म्हणून ती दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये भाकरी लपवत होती. मयूरी खाटेच्या कडेवर बसली.

"मला सांगायचं तरी."

"तू न्हाई म्हणाली असतीस."

"मी काम सोडते. उद्याच सोडते."

"पाळीवरचा मानूस पाळी सोडत न्हाई," तात्या म्हणाले. "ती बाई बी कुणाची तरी हाय." मग छताकडे बघत म्हणाले, "तुजी आई गेली तवा मी नऊ नंबरच्या चारीवर हुतो. सांगावा आला. टेलच्या लोकांस्नी बारा दिसांनी पाणी मिळत हुतं, दार सोडून गेलो असतो तर वरच्यांनी फोडून घेतलं असतं. म्हनलं, तासाभरात येतो. तासाभरात गेलो बी. तवर तिचं तोंड झाकलं हुतं."

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मयूरी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आईचा हात तिच्याच हातात होता. बाप वेळेवर आला नाही हे तिनं मनात धरलं होतं, आणि अधूनमधून ते तिच्या बोलण्यात यायचंही.

"त्यो तास माजा अजून सरला न्हाई बघ," तात्या म्हणाले. "तुज्या मागं नगो ते."

ती रडली. मग उठली, शेजारून जेवण आणलं, मोरीत दिवा परत लावला. असं करून तात्यांचे दिवस कमी होणार, हे तिला कळत होतं. पण आहेत ते दिवस वाढवून शेवटच्या वेळी त्यांना एकटं ठेवायचं, हेही तिच्यानं होईना. त्या दिवसापासून निघण्यापूर्वी, साडेतीनला, ती स्वतः त्यांचं रात्रीचं ताट वाढू लागली.

आठवड्यानं डॉक्टर मुजावरांचा फोन आला. "काकांची वेळ सारखी अलीकडे येतेय. काही मुद्दाम बदललंय का? तसं असेल तर सांगा, मग वेगळा विचार करावा लागतो."

डॉक्टर हे बंद करायला लावतील, असं मयूरीला वाटलं. "नाही हो," ती म्हणाली. "गावाकडची सवय. लवकर जेवतात, लवकर झोपतात."

* * *

सात ऑक्टोबरला पट्टीनं एक ते तीन दाखवलं.

पुढचे दोन आठवडे मयूरीच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं म्हणायला हरकत नाही. बारा वर्षं ती परक्यांचे हात धरत होती. आता एकच्या ठोक्याला ती स्टूल ओढून खाटेशेजारी बसायची आणि बापाचा हात धरायची. दार फिरवून फिरवून तळव्याला आलेले घट्टे अजून तसेच होते. ती स्वतःचा फोनही डब्यात ठेवायची, नियम म्हणजे नियम. तात्यांना याची गंमत वाटायची.

ते कालव्याच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या चारीवर कुणाचं भांडण, कुठल्या दाराखाली साप निघाला. एकदा त्यांनी सांगितलं, टेलला पाणी येतं ते आधी दिसतं कसं. चारी आठ-दहा दिवस कोरडी पडलेली. लांबून बगळे चालत येताना दिसतात. वाळक्या पाल्याचा ढीग पुढे ढकलत पाण्याचं तोंड येतं, त्यातले किडे टिपत बगळे त्याच्या पुढे पुढे चालतात. बगळे दिसले की टेलचे लोक बांधावर उभे राहायचे. म्हातारे लोक तर पागोटं काढायचे.

"आणि तुम्ही?"

"आमी घड्याळ बघायचो. किती उशीर झाला ते लिवायला लागायचं."

तीन वाजले की ते तिचा हात थोपटायचे. "आज बी न्हाई. जा आता, तुजी पाळी हाय." त्यांना आता उठून बसताना धाप लागायची. आवाज खोल गेला होता. पण मयूरी जिना उतरायची ती हलक्या पायांनी. तात्यांची वेळ टळली, आता उद्या एकपर्यंत काळजी नाही, असं तिला वाटायचं. त्यांनी खिडकीतून तिला जाताना बघितलं असेल तर हेही बघितलं असेल की ती रिक्षाकडे जाताना काहीतरी गुणगुणत होती.

"आज तोंड कसं फुललंय," प्रमिलाताई म्हणाल्या. मग मयूरीनं त्यांना सगळंच सांगून टाकलं.

"माझ्यासाठी कुणी अर्ध्या रात्री दिव्याखाली बसलं नसतं," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना, गद्रेबाई आभारी आहेत."

तो निरोप तिनं तात्यांना सांगितला. ते लाजले.

एकवीस ऑक्टोबर, रविवार. एक ते तीन नेहमीसारखे गेले. तात्या फार बोलले नाहीत, तिच्या हाताची बोटं एकेक करून मोजत राहिले. साडेतीनला तिनं ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी वाढली.

"आज राहू का?" तिनं विचारलं. का विचारलं ते तिला सांगता आलं नसतं.

तात्यांनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला. "जा," ते म्हणाले. "माजी येळ टळली न्हवं."

सहा वाजून गेल्यावर प्रमिलाताई कुठल्याशा विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होत्या. त्यानं वहीत अळूच्या पानाऐवजी विड्याचं पान चिकटवून आणलं आणि तपासेपर्यंत भूक लागली म्हणून अर्धं खाऊनही टाकलं. दोघी इतक्या हसल्या की पडद्यावरच्या मुलानं विचारलं, काय झालं, आई? सातला प्रमिलाताई "सुटलो" म्हणाल्या. मयूरीनं वडी तोंडात टाकली, बाहेर येऊन डब्यातून फोन काढला. केंद्राचा संदेश होता.

सहा वाजून बारा मिनिटे. नाडी मिळत नाही. ओहोटीची वेळ नसल्याने पट्टी सैल झाली असण्याची शक्यता. सवडीने तपासून घ्यावे.

पट्टी तिनं निघताना स्वतः तपासली होती. ती सैल नव्हती.

तात्या कुशीवर झोपले होते, तोंड दाराकडे. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. तिनं हात धरला. गार हात तिला ओळखता येत होते, किती वेळापूर्वी गेले हेही सांगता येत होतं, बारा वर्षांत तेवढं शिकली होती. ती तशीच जमिनीवर बसून राहिली. रात्री डॉक्टर मुजावर आल्या. पट्टी काढताना त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मुद्दाम सरकवली होती ना?"

मयूरीनं मान डोलावली.

"यकृत, मूत्रपिंड आले होते. हृदय जुन्याच वेळेवर होतं."

* * *

सोमवारी सगळं उरकलं. संध्याकाळी लोखंडेवहिनी पिठलं-भात ठेवून गेल्या. मयूरी तात्यांची गादी काढून ठेवायला म्हणून गुंडाळायला लागली, तेव्हा खालून एक कागद निघाला. पाटबंधारे खात्याचा जुना छापील नमुना, पिवळा पडलेला. वर लिहिलं होतं, शेजपाळी पत्रक.

तात्यांचं अक्षर तिनं ओळखलं. खातेदाराच्या रकान्यात माणसांच्या नावांऐवजी बारा अवयव होते. समोर तारखा. यकृत, पाणी पोचले. मूत्रपिंड, पाणी पोचले. त्रिदाहापुढे त्यांनी लिहिलं होतं, खातेदार गैरहजर. शेवटची ओळ हृदयाची. टेल, कंसात. त्यापुढे पाणी पोचण्याची तारीख: शुक्रवार, १९ ऑक्टोबर. ती एका रेघेनं खोडलेली होती. खाली नवी तारीख होती. मंगळवार, २३ ऑक्टोबर.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पट्टीनं एक ते तीन दाखवलं तेव्हाही, ते दोन आठवडे हात धरून ती हसत होती तेव्हाही, त्यांना माहीत होतं की टेल अजून कोरडं आहे. रोज साडेतीनला ते तिला जिना उतरू देत होते आणि पाच ते सात एकटे पडून राहत होते. सांगितलं असतं तर तिला ना इथे चैन पडलं असतं, ना तिथे. त्यांना फक्त मंगळवार गाठायचा होता.

तारीख चार दिवसांनी पुढे का गेली, हे तिला कळेना. मग तिचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. शेरा. कालवा कधी बंद राहिला तर कारण तिथे लिहायचं असतं. तात्यांनी छत्तीस वर्षं लिहिलं होतं, दार नादुरुस्त, चारी फुटली, वरून पाणी आले नाही. इथे लिहिलं होतं:

दि. २० ते २३ सप्टेंबर, चार दिवस पाळी बंद ठेवली. कारण, लेक समोर बसून जेवू घालत होती.

मयूरीनं कागद घडी करून परत गादीखाली ठेवला. गादी उचलली नाही.

मंगळवारी दुपारी एकला तिनं फोन डब्यात टाकला, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि तीन वाजेपर्यंत तिथे बसून राहिली.